बालगृहातली सूचनापेटी: पेटी लावली, किल्ली कुणाकडे?

बाल न्याय आदर्श नियम, 2016 प्रमाणे प्रत्येक बालगृहात मुलांसाठी सूचनापेटी लागते. नीट चालवली तर ती सीसीटीव्हीपेक्षा जास्त कामाची आहे. कॅमेरा न्हाणीघरात लावता येत नाही आणि रात्री कानात दिलेली धमकी त्यात दिसत नाही.

व्यवस्था म्हणून नियम 39 उत्तम आहे. पेटी कार्यालयापासून लांब, मुलांच्या खोल्यांजवळ हवी. किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांकडे राहते. दर आठवड्याला त्यांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने ती बाल समितीतल्या, म्हणजे बालगृहातल्या मुलांच्याच समितीतल्या, मुलांसमोर उघडायची. तक्रार गंभीर आणि थेट अधीक्षकांवर असेल, तर अधीक्षकांना व्यवस्थापन समितीच्या तातडीच्या बैठकीत बसता येत नाही.

अंमलबजावणीला मात्र पाचपैकी दोनच गुण. पेटी अधीक्षकांच्या दारासमोर टांगलेली आणि किल्ली 'सोयीसाठी' त्यांच्याच ड्रॉवरमध्ये, तर कोण चिठ्ठी टाकणार? टाकणारं मूल सगळ्यांना दिसतं, अक्षरही ओळखू येतं. यावर साधा उपाय आहे: ठरलेल्या दिवशी प्रत्येक मुलाला सारखा कागद द्यायचा आणि सगळ्यांनी तो घडी करून टाकायचा, कोरा असला तरी. कागदावर मारहाण, उपाशी ठेवणं, नकोसा स्पर्श यांची चित्रं छापली, तर लिहावं न लागता खूण करता येते.

अगदी लहान किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना मात्र पेटी पुरत नाही. त्यांच्याशी बाहेरच्या माणसानेच एकांतात, वेळ देऊन बोलायला हवं. बिहारमधल्या मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातला अत्याचार 2018 मध्ये उजेडात आला तो मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे. बाल न्याय कायद्याच्या कलम 54 नुसार तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी यायचंच असतं, तेही किमान तिघांनी, त्यात एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी. त्या भेटीत अधीक्षकांना खोलीबाहेर थांबवा.

चिठ्ठीत लैंगिक अत्याचाराचा उल्लेख असेल तर बैठकीची वाट पाहू नका. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम 19 खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलांच्या मदतीचा हेल्पलाइन क्रमांक 1098 चोवीस तास चालू असतो, पण मुलांना फोन हाताशी हवा.

देणगी देण्याआधी संस्थेकडे सूचना वही मागा. तक्रारीसमोर काय कारवाई झाली, कोणत्या तारखेला, आणि बाल समितीला ते कळवलं का, एवढं वाचा. वर्षभर वही कोरी असेल, तर देणगी थांबवा आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवा.