नऊ महिने, तीन हॅरेम पँट्स आणि एक उसवलेलं आसन

गेल्या मे महिन्यात लेक अडीच वर्षांची होती, तेव्हा तिच्यासाठी पहिली हॅरेम पँट, म्हणजे वर ढगळ आणि घोट्याशी घट्ट अशी विजार, शिवली. आता ती सव्वातीनची आहे. मधे गोव्याचा अख्खा पावसाळा गेला, चवथ गेली, दिवाळी गेली, बालवाडी सुरू झाली. या काळात घरी शिवलेल्या तीन पँट्स आलटून पालटून जवळजवळ रोज तिच्या अंगावर होत्या. शिवल्या दिवशी फोटो काढला की कुठलीही पँट छानच दिसते, म्हणून मुद्दाम थांबून आता लिहितेय.

सुरुवात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात झाली. तिथे हत्ती छापलेल्या रेयॉनच्या ढगळ पँट्सचे ढीग असतात, पर्यटकांच्या मापाचे, आणि कोपऱ्यात दोन-चार पोरांच्या मापाच्याही. अडीचशेला एक आणली. लेक ती काढायलाच तयार होईना. तिसऱ्या आठवड्यात पिळताना गुडघ्याशी फाटली. रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद बरीच कमी होते, आणि मी ती चादरीसारखी पिळली होती. चूक माझीही होतीच. पण आकार तिला आवडलाय हे कळलं. फाटलेली पँट उसवली, वर्तमानपत्रावर पसरली आणि तिच्याच कडेने पेन फिरवून नमुना काढला.

पॅरिसमध्ये 1911 च्या सुमारास फॅशन डिझायनर पॉल प्वारेने बायकांसाठी असल्या घोळदार विजारी काढल्या तेव्हा म्हणे मोठा गदारोळ झाला. आमच्या सासूबाईंनी तो विषय एका वाक्यात मिटवला. "हा तर चोळणा गं, खाली नुसते मोजे जोडलेत."

पहिली पँट होजिअरीची, म्हणजे बनियनसारख्या ताणणाऱ्या कापडाची, गडद हिरवी. लेकीची कंबर 20 इंच, कंबरेपासून घोट्यापर्यंत लांबी 20 इंच. एक मीटर कापड आणलं आणि आधी धुऊन, वाळवून मग बेतलं. सुती होजिअरी पहिल्या धुण्यात आटते, ते आटणं पँट होण्याआधीच होऊन गेलेलं बरं. घरचं मशीन सासूबाईंचं, हाताने फिरवायचं, फक्त सरळ टीप घालणारं. मी मजेत शिवत गेले. आठव्या दिवशी बालवाडीत लेक उकिडवी बसली आणि आसनाची, म्हणजे दोन पायांच्या मधली, शिवण टरकन उसवली. ताईंनी ओढणी गुंडाळून घरी पाठवली. लेकीला त्यात काही वाटलं नाही, उलट ओढणीचा पदर मिरवत आली.

कारण साधं होतं. कापड ताणतं, सरळ टिपेचा दोरा ताणत नाही, मग दोरा तुटतो. शेजारच्या काकींच्या मशीनवर झिगझॅग आहे. बारीक झिगझॅग घालून ती शिवण पुन्हा केली, ती आजतागायत टिकली आहे. ज्यांच्याकडे सरळच टीप आहे त्यांनी पॉलिएस्टरचा दोरा घ्यावा, शिवताना कापड पुढून-मागून किंचित ताणून धरावं आणि आसनावर दोन टिपा माराव्यात. सुईसुद्धा गोल टोकाची हवी. साध्या टोकदार सुईने होजिअरीचे फासे तुटतात, आणि दोन-चार धुण्यांनंतर शिवणीच्या कडेला बारीक भोकांची रांग दिसू लागते.

आता खरा मुद्दा, आसन. बाजारातल्या पँटचं आसन गुडघ्याशी लोंबत होतं, म्हणून मीही कंबरेपासून 14 इंचांवर ठेवलं. दिसायला झकास. पण आमच्या घराला चिऱ्याच्या सहा पायऱ्या आहेत, चांगल्या उंच. एकदा मी खाली उभी राहून बघत होते. लेकीने उजवा गुडघा उचलला, दोन मांड्यांमधलं कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताणलं, कंबर मागून घसरली आणि गुडघा पायरीपर्यंत पोचलाच नाही. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मग खाली बसली आणि हात टेकत, कुशीवर वळत वर चढली. तिला वाटलं असणार, पायऱ्या अशाच चढायच्या असतात.

ढगळ म्हणजे मोकळं, हा माझा समज तिथे संपला. आसन जितकं खाली, तितके दोन्ही पाय वरून एकत्र बांधल्यासारखे होतात. पायाला हवी असते ती आडवी जागा, दोन पायांच्या मधली. धोतर एवढं खाली असूनही त्यात माणूस शेतात राबतो, कारण मधे कापडाचा भरपूर घोळ असतो. माझ्या पँटमध्ये उंचीचा घोळ होता, रुंदीचा नव्हता. उपाय सासूबाईंनीच सांगितला: सलवारीला लावतात तशी मियानी लाव. चार इंचांचा चौरस तुकडा कापला, पत्त्यातल्या चौकटसारखा तिरपा धरला आणि चार शिवणी मिळतात तिथे बसवला. दुसऱ्या पँटपासून आसन 10 इंचांवर आणलं, मियानी तशीच ठेवली. शिवताना आता माझी एकच परीक्षा असते. पँट घालून लेकीला पाटावर चढायला सांगायचं. कंबर जागेवर राहिली तर पँट पास.

खालचं मनगट, म्हणजे रिब या उभ्या रेघांच्या, ताणणाऱ्या कापडाची पट्टी, ही या पँटची सगळ्यात कमावती बाजू. घोट्याचा घेर सहा इंच, पण टाच आत जायला हवी, म्हणून साडेसहा इंच रुंद आणि आठ इंच लांब पट्टी कापली. दुमडून चार इंचांचं मनगट झालं, ते सुरुवातीला बाहेरून अर्धं वर दुमडून ठेवलं. नऊ महिन्यांत लेक दोन इंच वाढली, कंबर मात्र जवळजवळ तेवढीच आहे. दुमड एकदा उलगडली की काम झालं. तिच्या जीन्स या काळात दोनदा तोकड्या झाल्या. शिवाय पावसाळ्यात संध्याकाळी ओसरीवर बसलं की डास आधी घोट्यांवरच येतात. तिथे घट्ट मनगट आणि वर सैल कापड असलं की त्यांना फारसं काही मिळत नाही.

जुलैत मात्र हिरव्या पँटने छळलं. बाकीची पँट एका दिवसात सुकायची, पण रिबचं दुहेरी मनगट आणि कंबरेचा नेफा, म्हणजे इलास्टिक ओवायची दुमड, दोन-दोन दिवस ओलसर राहायचे. एकदा घाईत तशीच घडी घातली, तर नेफ्यावर बुरशीचे काळे ठिपके आले. अजून गेलेले नाहीत. तेव्हापासून पावसात पँट उलटी करून, मनगटं वर आणि नेफा पंख्याकडे करून वाळत घालते.

म्हणून दुसरी पँट सासूबाईंच्या जुन्या मलमलच्या साडीची केली. वजन नाही, दोन तासांत कोरडी, लेकीच्या शब्दांत 'वाऱ्याची पँट'. मलमल ताणत नाही, त्यामुळे खाली रिबऐवजी अर्ध्या इंचाचं इलास्टिक घातलं. घरात, झोपताना, उकाड्यात याला तोड नाही. बाहेर मात्र चिऱ्यावर गुडघे घासले आणि चवथीच्या आतच दोन्ही गुडघे विरले. आतून अस्तराचा तुकडा लावला, तोही धावदोऱ्याने, कारण मशीनखाली ती साडी सरकत होती. आता ती फक्त रात्रीची पँट आहे.

तिसरी माझी लाडकी. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी इथल्या ज्या कुणबी साडीला पुन्हा मान मिळवून दिला, तिच्यासारख्या तांबड्या चौकडीचं जाडसर सुती कापड म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळालं. दुकानदार म्हणाला रंग पक्का. पहिल्या धुण्यात बादली लाल. नशिबाने तेव्हा ते एकटंच भिजत होतं. तीन वेळा वेगळं धुतलं, पाणी स्वच्छ आलं, मग बेतलं. शिवताना दोन्ही पायांच्या चौकडी जुळवण्यात एक दुपार गेली आणि मियानीवर त्या जुळल्याच नाहीत. उकिडवं बसल्याशिवाय ते दिसत नाही, असं मी मला सांगते. दिवाळीपासून ती आठवड्यात तीनदा तरी अंगावर असते आणि गुडघे अजून शाबूत आहेत.

तांबड्या मातीचं सांगायलाच हवं, कारण आमच्याकडे ती सगळ्यांच्याच कपड्यांना लागते. ओला डाग चोळला की माती आणखी आत शिरते. आधी वाळू द्यायचा, झटकायचा, मग साबण. तरी पिवळट-तांबूस राहतोच, कारण त्या मातीत लोह असतं. ब्लीच घालून काही होत नाही. सासूबाई बिंबल हे आंबट फळ कापून त्याची फोड डागावर घासतात आणि थोड्या वेळाने धुतात. हिरव्या पँटवर हे जमलं. तांबड्या चौकडीवर डाग दिसतच नाही, हा त्या कापडाचा आणखी एक गुण.

इलास्टिकमध्ये माझे पैसे दोनदा गेले. कंबरेला साडेअठरा इंच पुरतं. पहिलं स्वस्तातलं घेतलं, ते ताणलं की अरुंद व्हायचं आणि नेफ्यात गुंडाळून दोरी होऊन बसायचं. ऑक्टोबरच्या कडक उन्हात वाळून वाळून त्याचा जीवही गेला. दुसरं ताणल्यावर रुंदी न सोडणारं, एक इंची. ते नेफ्यात सेफ्टी पिनने ओवल्यावर दोन्ही बाजूंना उभी टीप मारली, मग वळलं नाही. नेफ्याला मागे दीड इंचाची फट ठेवून ती हाताने दोन टाक्यांत बंद करते. पुन्हा बदलताना अख्खी कंबर उसवावी लागत नाही.

तिसऱ्या पँटला लेकीच्या हट्टाने खिसे लावले. हा एक निर्णय मी मागे घेतला असता. खिशात खडे, शिंपले, आजोबांचा चष्म्याचा कपडा, एकदा अर्धं बिस्किट. खिसे भरले की मऊ इलास्टिकची कंबर खाली येते आणि एवढ्या कष्टाने 10 इंचांवर आणलेलं आसन पुन्हा गुडघ्याशी लोंबायला लागतं. परवा ती झोपल्यावर डावा खिसा शिवून टाकला. सकाळी तिने बोट घालून बघितलं, काही बोलली नाही, आणि दिवसभर उजव्या खिशावर हात ठेवून हिंडली.