शहापुरातील डेअरीचे सुटे पनीर: कमी मिठाच्या खाण्यासाठी कितपत उपयोगी?

रक्तदाबामुळे ज्यांना मीठ जपून खावे लागते, त्यांच्या मधल्या वेळच्या खाण्याची बेळगावात पंचाईतच होते. भडंग, मिरची भजी, खारे शेंगदाणे, यांतले काहीच चालत नाही. सासूबाईंसाठी पर्याय शोधताना आम्ही पनीर आणि फळे यांवर येऊन ठेपलो, आणि त्यासाठी इथल्याच शहापूर भागातील एका जुन्या डेअरीचे सुटे पनीर नेमाने आणू लागलो.

त्याआधी एका मोठ्या दुकानातून डब्यातले कॉटेज चीज, म्हणजे पनीरसारखेच मऊ, दाणेदार चीज, आणून पाहिले होते. डब्यावर ‘आरोग्यदायी’ असे ठळक छापलेले असले, तरी मागच्या बारीक तक्त्यात सोडियमचा आकडा १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात होता. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मिठाइतक्या सोडियमची मर्यादा सांगितली आहे आणि आपल्याकडच्या नियमांनुसार घन पदार्थाला ‘कमी सोडियम’ म्हणवून घेण्यासाठी १०० ग्रॅममागे १२० मिलिग्रॅमच्या आत राहावे लागते, हे लक्षात घेता तो डबा पथ्याचा नव्हता.

डेअरीच्या पनीरवर असा तक्ता नसतो, ही त्याची खरी उणीव. विचारल्यावर मालक म्हणाले, “मीठ कशाला घालतो ओ वैनी, नुसतं दूध नि लिंबूसत्व.” चवीवरून ते पटते. दुधात मुळातच सोडियम थोडे, आणि त्यातलेही बरेचसे दूध फाडल्यावर सुटणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. म्हशीच्या दुधाचे असल्याने पनीर पांढरेशुभ्र, भरीव आणि गोडसर लागते. बोटांनी चुरल्यावर त्याचा ओलसर रवाळ चुरा होतो, रबरासारखे ताणले जात नाही. स्निग्धांश मात्र भरपूर, म्हणून एका वेळी ५० ग्रॅम पुरे. त्याच काउंटरवर कुंदा ही दुधाची मिठाईही मांडलेली असते. त्यात मीठ नाही, म्हणून ती पथ्याची होते असे मात्र कोणी समजू नये.

खाणे पाच मिनिटांत होते. पनीर चुरून त्यात दोन चमचे बिनमिठाचे ताजे दही कालवावे, वर पेरूच्या फोडी व डाळिंबाचे दाणे घालावेत, आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरपूड व लिंबू यांवर चव भागवावी. चाट मसाला टाळावा, कारण काळे मीठ हेही मीठच. अननस घालायचा तर अगदी खाण्याच्या वेळी. तो पनीरमध्ये मुरत ठेवला की त्यातील पाचक द्रव्यामुळे कडवटपणा येतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी केळ्यासारखी पोटॅशियमयुक्त फळे आणि बाजारातले ‘कमी सोडियमचे मीठ’ डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. त्या मिठात बहुधा सोडियमच्या जागी पोटॅशियमच वापरलेले असते.

तक्रारी दोन. पनीर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत मिळते, म्हणून घरचा डबा नेलेला बरा. शिवाय दर वेळी ते सारखेच मऊ असते असे नाही. कधी फार दाबलेले, कोरडे येते आणि मग दही जास्त घालावे लागते. लग्नसराईत आदल्या दिवशी सांगून ठेवावे, नाहीतर आचाऱ्यांच्या मोठ्या मागणीपुढे पावशेरवाल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परतावे लागते.