बॅगेचे ३,६९९ गेले होते, तिथेच थांबायला हवं होतं

एकूण ५२,१९७ रुपये गेले. त्यातले ३,६९९ कॅमेऱ्याच्या बॅगेचे, आणि ४८,४९८ त्या बॅगेचे पैसे परत मिळवायच्या नादात. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गावात कुणी ऐंशी हजार सांगतो, कुणी दीड लाख.

मी लग्नाचे फोटो काढतो. चौदा वर्षं झाली. पैनगंगेच्या अलीकडचं गाव, आजूबाजूच्या चाळीस-पन्नास किलोमीटरमधली लग्नं, साक्षगंध, बारसं, वास्तू. हंगाम संपत आला की टिपेश्वर अभयारण्यात सुन्ना गेटमधून एखादी सफारी करतो, त्यासाठी दोन वर्षांपूर्वी लांबचं टिपणारी जुनी १५०-६०० लेन्स घेतली. सामान मोजलं तर दोन कॅमेरा बॉडी, २४-७० आणि ७०-२०० लेन्स, दोन फ्लॅश, बॅटऱ्या, चार्जर आणि ही मोठी लेन्स. सात किलोच्या वर जातं. हे सगळं मोटारसायकलवर, पाठीवर, कच्च्या रस्त्याने. मे महिन्यात पंचेचाळीस अंश आणि धूळ, जूनमध्ये अचानक पाणी. जुनी बॅग दुकानदाराने कॅमेऱ्यासोबत फुकट दिलेली होती, तिची चेन मार्चमध्ये गेली. एक लग्न तर मी बॅगेला सुतळी बांधून केलं.

म्हणजे बॅग हौसेसाठी नव्हती. लग्नातही चालेल आणि सफारीच्या जिप्सीतही चालेल अशी एकच पाहिजे होती. तालुक्याला अशी बॅग मिळत नाही, शाळेची दप्तरं मिळतात. नागपूरला सीताबर्डीत विचारलं होतं, साडेसहा हजारांच्या खाली नव्हती. शिवाय जाऊन-येऊन हजार-बाराशे आणि हंगामातला एक दिवस. जे लोक आता मला म्हणतात की दुकानात जाऊन का नाही घेतली, त्यांच्या घरापासून दुकान चालत पाच मिनिटांवर आहे.

१८ एप्रिलला मोबाईलवर रील बघताना जाहिरात आली. नामांकित कंपनीची बॅग, गोदाम रिकामं करायचं आहे म्हणून १२,९९० ची ३,८४९ ला. आत नारिंगी कप्पे, पाठीकडून उघडणारी, खाली पावसाचं कव्हर. पाठीकडून उघडणारी बॅग मला मुद्दाम पाहिजे होती. जमिनीवर ठेवली तरी चिखल-धूळ पट्ट्यांच्या बाजूला लागत नाही, आणि पाठीवर असताना गर्दीत मागून कुणी चेन उघडू शकत नाही. नवरदेवाच्या वरातीत हे फार कामाचं आहे.

माल मिळाल्यावर पैसे द्यायचे, असं जाहिरातीत मोठ्या अक्षरात होतं. पत्ता भरला, शेवटच्या पानावर आलो, तर तुमच्या पिनकोडवर ही सोय नाही. यूपीआयने आत्ता भरले तर १५० रुपये कमी. खेड्यात राहणाऱ्याला हे वाक्य रोजचं आहे. आमच्या पिनकोडवर अर्ध्या गोष्टी मिळतच नाहीत, त्यामुळे मला त्यात काही खटकलं नाही. ३,६९९ भरले. हीच त्यांची युक्ती आहे हे आता कळतं. शेवटच्या पानावर सोय गायब झाली की तिथूनच मागे फिरा.

दुसरी गोष्ट. त्या पानावर बॅगेचं आतलं माप कुठेच नव्हतं. फक्त ‘४० लिटर’. कॅमेऱ्याची बॅग लिटरवर घेत नाहीत. माझी लेन्स एकटी साधारण २६ सेंटीमीटर आहे, बॉडी आणि हूड लावलं की चाळीसच्या पुढे जाते. आतली लांबी, रुंदी आणि मुख्य म्हणजे खोली लिहिलेली नसेल तर विकणाऱ्याने ती बॅग कधी हातात घेतलेली नाही. हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. तिसरी गोष्ट, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्याने आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव दाखवणं बंधनकारक आहे. तिथे एक व्हॉट्सॲप नंबर होता, बाकी काही नाही.

२९ एप्रिलला, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, पार्सल आलं. कुरिअरवाला गावात येत नाही, फाट्यावर जाऊन घ्यावं लागलं. घरी येऊन ओसरीवर उघडलं तर आधी रेक्झिनचा वास आला, डोळे चुरचुरतील असा. कप्पे नारिंगीच होते, पण बोटाने दाबले की बोटं एकमेकांना लागत होती. वेल्क्रो चिकटतच नव्हता. चेनच्या पकडीवर काहीच छाप नाही, आणि बाहेर कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त. लेन्स आत टाकायची हिंमत झाली नाही. दोन लिटरची पाण्याची बाटली भरून आत ठेवली, कारण लेन्सचं वजनही साधारण दोन किलोच. वरच्या हँडलला धरून उचलली आणि टरकन आवाज आला. हँडलची एक बाजू शिवणीतून बाहेर आली, आतून पांढरा दोरा लोंबत होता. एकेरी शिलाई. कोणतीही बॅग आली की सामान भरायच्या आधी पाण्याच्या बाटल्या भरून उचलून बघा. माझी लेन्स वाचली ती एवढ्यामुळेच.

बायको म्हणाली, “तीन हजार गेले त गेले. लेन्स पडली नाही न? मंग सोडा न आता.” मी नाही सोडलं. मला राग आला होता. ३,६९९ म्हणजे माझ्याकडे अल्बम डिझाईन करणाऱ्या पोराचा आठवड्याचा पगार. त्या व्हॉट्सॲप नंबरवर मी फोटो टाकले, फाटलेल्या हँडलचा व्हिडिओ टाकला, ग्राहक न्यायालयात जाईन म्हणून लिहिलं. चार दिवस काही नाही, मग एक ओळ आली: तुमची तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे.

१० मेला फोन आला. मी लग्नात होतो. दुपारचं लग्न लागून गेलं होतं, मांडवात पंगती चालू होत्या, मी कुलरजवळ कॅमेऱ्यातलं कार्ड बदलत बसलो होतो. पलीकडचा माणूस हिंदीत, अतिशय अदबीने बोलत होता. त्याला माझा ऑर्डर नंबर माहीत होता. रक्कम माहीत होती, ३,६९९, रुपयाचाही फरक नाही. पत्ता, तारीख, एवढंच काय, हँडल तुटलं आहे हेही माहीत होतं. मला सांगा, अशा माणसावर विश्वास का नाही ठेवायचा? ज्याने बॅगेत फसवलं तोच हा माणूस, किंवा त्याने माझी माहिती याला विकली, हे त्या क्षणी सुचत नाही. सुचतं एवढंच, की अखेर कुणीतरी ऐकलं. लॉटरीचा फोन असता तर मी तिथेच कापला असता. हा माझेच पैसे परत द्यायला आला होता.

त्याने व्हॉट्सॲपवर रिफंड फॉर्म पाठवला. फॉर्म म्हणजे एपीके फाईल, प्ले स्टोरच्या बाहेरून थेट फोनमध्ये ॲप टाकणारी. दाबली तर फोनने आडवं घातलं: अशा अनोळखी ठिकाणचं ॲप तुमच्या फोनला धोकादायक ठरू शकतं. लाल खूण. तो म्हणाला, “सर, वो तो सबको आता है, सेटिंग में जाकर अलाऊ कर दीजिए.” माझा लाईट धरणारा पोरगा शेजारी बसून जेवत होता. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, “भाऊ, हे त एपीके हाय. प्ले स्टोरवरचं नोहे.”

मी त्याला म्हणालो, “तू जेव चूपचाप.”

हे वाक्य मला रात्री झोपू देत नाही. फोनने सांगितलं, पोराने सांगितलं, आणि मी दोघांनाही गप्प केलं, कारण ३,६९९ परत येणार होते. सेटिंगमध्ये जाऊन मी स्वतःच्या बोटाने परवानगी दिली. मग ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. पैसे परत करणाऱ्याला माझे मेसेज कशाला वाचायचे आहेत? फॉर्ममध्ये बँकेच्या कार्डाचा पूर्ण नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे मागितले. ज्याने यूपीआयने पैसे घेतले त्याला परत द्यायला माझं कार्ड कशाला लागतं? हा एक प्रश्न मी विचारला असता तर ४८,४९८ वाचले असते. तेव्हा पंगतीतून वधूच्या काकांनी ‘फोटोवाले’ म्हणून हाक मारली, आणि मी घाईघाईत आकडे भरून टाकले.

स्क्रीनवर रिफंड होतोय असं गोल फिरत राहिलं. ४:४४ ला २४,९९९ गेल्याचा मेसेज वरून खाली सरकला. ४:४७ ला १८,५००. ओटीपी मी कुणाला सांगितलाच नाही, तो ॲपने परस्पर वाचून पुढे पाठवला. लोक मला अजूनही म्हणतात, “ओटीपी सांगितला असशील.” नाही सांगितला. आता सांगावा लागत नाही.

फोन अडकला होता म्हणून पोराच्या फोनवरून बँकेच्या हेल्पलाईनला लावला. ४:५८ ला माणूस मिळाला. नाव, खाते, कार्ड बंद करा, सगळं सांगितलं. ५:०६ ला तिसरे ४,९९९ गेले. सिम काढून टाकायचं मला सुचलं नाही. तुम्हाला सुचू द्या. असं झालं तर आधी सिम काढा, मग बाकीचं. खात्यात ५१,३१० होते, २,८१२ राहिले. ते पैसे माझे नव्हते हो, तीन लग्नांचे बयाणे होते.

१९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, लावत होतो. व्यस्त. पुन्हा व्यस्त. लागला तेव्हा सव्वासहा वाजले होते. हा नंबर ज्या कामासाठी आहे ते काम पहिल्या तासाचं आहे: पैसे ज्या खात्यात गेले तिथेच गोठवायचे. दीड तासाने गोठवायला उरतं काय? तरी लावाच, तक्रारीचा क्रमांक त्यावर मिळतो आणि पुढे सगळीकडे तोच मागतात.

तो दुसरा शनिवार होता. रविवारी सुट्टी. सोमवारी १२ मेला बुद्ध पौर्णिमा. शाखा उघडली मंगळवारी. साहेबांनी माझा अर्ज वाचायच्या आधी विचारलं, “फाईल तुम्हीच उघडली ना? मग यात बँक काय करणार?” पोलीस ठाण्यात सांगितलं, सायबरचं जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो तर म्हणाले, आधी तुमच्या ठाण्यातून पत्र आणा. दोन लग्नांच्या मधल्या दिवसांत मी चार खेपा घातल्या. एका खेपेला तर शिपायाने सगळ्यांसमोर विचारलं, “एवढे मोठे कॅमेरे वापरता, आणि हे समजलं नाही?” मी मान खाली घालून उभा राहिलो. गुन्हेगार मी असल्यासारखा. हद्द कुठलीही असो, ठाण्याला गुन्हा नोंदवून पुढे पाठवता येतो, नवीन नागरिक सुरक्षा संहितेत, १ जुलै २०२४ पासून, कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. हे मला एका वकिलाने सांगितलं, कागदावर लिहून घेऊन गेलो तेव्हा कुठे तक्रार घेतली. तुम्हीही कागदावर लिहूनच जा. तोंडी बोललं की टोलवतात. आणि प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या, माझी पहिली मी घेतली नव्हती.

त्याच वकिलाने दुसरं सांगितलं, जे बँकेत कुणीही सांगितलं नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं. ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतरचं बँकेचं. मी ४:५८ ला कळवलं, ४,९९९ गेले ५:०६ ला. पहिले ४३,४९९ माझ्या डोक्यावर, मान्य आहे. पण हे ४,९९९ बँकेचे आहेत. बँकेचं उत्तर आलं की तुमच्या नोंदणीकृत नंबरवरून कॉल आलेला नाही. माझा नोंदणीकृत फोन तर चोराच्या हातात होता! म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या फोनवरून बोललात तर तिथेच तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि लिहून ठेवा. मी घाबरलो होतो, मागितला नाही.

बॅगेच्या ३,६९९ साठी ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल होते. मी धंद्यासाठी घेतली म्हणून ग्राहक नाही असं एकाने घाबरवलं होतं, ते खरं नाही, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू चालते. पण नोटीस पाठवायची कुणाला? पत्ताच नाही.

कार्डाचे ऑनलाइन व्यवहार मी आता बँकेच्या ॲपमधून बंदच ठेवतो. बॅग नागपूरहून आणली, दुकानात स्वतःची लेन्स आत घालून, चेन दहा वेळा ओढून, ६,८०० ला, उधारीवर. परवा रीलमध्ये तेच नारिंगी कप्पे पुन्हा दिसले, तोच फोटो, दुकानाचं नाव वेगळं. किंमत ३,४९९.

सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर माझी तक्रार अजून ‘प्रक्रियेत’ आहे. बँकेला लेखी देऊन तीस दिवस झाले, म्हणून त्या ४,९९९ साठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज टाकला आहे. सोबत पोराच्या फोनवरच्या कॉलचा स्क्रीनशॉट जोडला. वेळ ४:५८, बोलणं सहा मिनिटं.