घाटासाठी 95 घोडे कशाला? साताऱ्यात करून घेतलेल्या रिमॅपिंगचा अनुभव

कासच्या वाटेवर माझ्या चार खोल्या आहेत, पाहुण्यांसाठी. त्यामुळे समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट रोजचाच. डिकीत दुधाचा कॅन, भाजीची पोती, शेजारी सासरे. गाडी 2013 ची डिझेल स्विफ्ट: 4000 आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) 75 हॉर्सपॉवर, 2000 ला 190 न्यूटन-मीटर टॉर्क. वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये दम टाकायची, म्हणून एका गॅरेजात ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, रिमॅप करून घेतला, म्हणजे त्याची सेटिंग बदलून घेतली. 18 हजार.

"ताई, 75 चे 95 घोडे करून देतो." बिलावरही तेवढंच. टॉर्क विचारला तर म्हणाला, "त्यो बी वाढतोय की, 230 पर्यंत."

आता हे जात्यावर बघा. खुंट्याला लागतो तो जोर म्हणजे टॉर्क. मिनिटाला फेरे किती, त्यावर पीठ किती पडतं ती हॉर्सपॉवर. टॉर्कला आरपीएमने गुणायचं, साधारण 7024 ने भागायचं. माझे मूळचे 190 घेतले तर 2000 ला जेमतेम 54 घोडे निघतात. उरलेले वर 4000 ला, आणि तिथे मी घाटात कधी जातच नाही. नवे 95 सुद्धा तिथेच. मला कामाचे 2000 चे, 54 वरून साधारण 65 झालेले.

तो फरक मात्र खरा. चढाला तिसरा गिअर टिकतो, सासरे निवांत झोपतात. पण 1500 च्या खाली गाडी आधीसारखीच मेलेली. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, फिरायला एक्झॉस्टचा जोर लागतो, तो तिथे नसतोच. अवघड वळणाला पहिला टाकावाच लागतो.

चौथ्या महिन्यात हायवेला पाचव्या गिअरमध्ये पाय दाबला. काटा 2000 वरून 2800 वर, गाडी आहे तिथेच, आणि करपल्याचा वास. क्लच घसरत होता. क्लचला घोड्यांशी देणंघेणं नसतं, त्याच्यावर येतो तो टॉर्क. दहा वर्षं घासलेल्या प्लेटवर 40 न्यूटन-मीटर जादा चढवायच्या आधी ती बघायला नको? माझा राग तेवढाच. प्लेट, प्रेशर प्लेट, मजुरी मिळून 9,500 गेले.

माणूस पळपुटा नाही, हेही सांगते. मूळ फाइल त्याने पेन ड्राइव्हवर आधीच दिली होती, आणि पैसे न घेता टॉर्क 210 वर बांधून दिला. वरचे 95 तसेच राहिले. खालचा टॉर्क बांधला म्हणून 4000 वरचा आकडा हलत नाही. मी म्हटलं, मग तेही 80 वर आणा, उगाच काळा धूर कशाला?

त्याने लॅपटॉप अर्धा मिटला. "घोडं परत करणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय, ताई."

केले मात्र. पाचपैकी तीन तारे.