घरी चांदीचं पाणी करायचं मशीन: सात महिन्यांनी खरं काय ते लिहितोय

आम्ही निपाणीचे. घशाचा त्रास लई दिवसांचा, त्यात मेहुण्यानं ऑनलाइन हे किट दाखवलं, तारांना करंट लावून पाण्यात चांदी उतरवायची नि ते पाणी औषध म्हणून प्यायचं. 1,800 रुपये, 27 व्होल्टचा अॅडाप्टर, दोन चांदीच्या तारा आणि एक टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात काय किती विरघळलंय ते दाखवणारा. म्हटलं बघू की.

पहिल्यांदा नळाचं पाणी घेतलं ती चूक. पाच मिनिटात दुधासारखं गढूळ झालं, पाण्यातल्या क्लोराईडला चांदी लागली की असंच होतं, म्हणून मग मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणलं. बॅटरीचं पाणी घेऊ नका. मीटर 1 वरनं दोन तासात 12 वर गेला आणि मी खूश! पण हा मीटर फक्त विरघळलेलं मोजतोय, चांदीचे कण त्याला दिसतच नाहीत, आणि आत चांदीच आहे का तांबं तेही सांगत नाही. हे कळायला मला तीन महिने लागले, तोवर रोज एक चमचा पीत होतो. घसा होता तसाच.

डाऊट आला तारांवरनं. एक बारीक होऊन काळी पडली, दुसरीला राखेसारखा करडा पुंजका. किटवर चांदी 99.99 टक्के शुद्ध लिहिलेलं. हुपरी इथनं जवळच, चांदीच्या कारागिराकडं गेलो, त्यानं मशीनवर टंच, म्हणजे शुद्धता, काढला तर 92 टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक तांबं. म्हणजे तांबंपण पाण्यात उतरत होतं की! विकणाऱ्याला मेसेज टाकला, उत्तर नाही.

आई म्हणते माठात चांदीचा रुपया टाकायचो आम्ही, काय झालं? पण रुपया नुसता पडून राहतो, इथं करंट लावून चांदी पाण्यात ओढून काढतोय आपण. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या स्टँडर्डमधे लिटरला 0.1 मिलिग्रॅमच चांदी चालते, आणि मीटरवरचं माझं 12, म्हणजे लिटरला 12 मिलिग्रॅम, खरं धरलं तर शंभर पटीच्या वर. अमेरिकेत स्टॅन जोन्स म्हणून एक राजकारणी होते, घरीच करून प्यायले, कातडी निळसर करडी पडली ती पडलीच, हा रंग परत जात नाही. तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, तर 1999 लाच असली औषधं सुरक्षित नि गुणकारी मानली जात नाहीत असा नियम केला.

शुद्ध तार मिळाली तरी मी पिणार नाही आता. मशीन तसं नीट चालतंय, तक्रार तारांची आणि त्यावर लिहिलेल्या आकड्याची. दोन स्टार, तेपण अॅडाप्टरला. कारागीर म्हणाला, "तारा ठेवून जावा, पोरीच्या पैंजणाला घुंगरू करून देतो." ठेवून आलो.