चासी क्रमांक लेखी मिळेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका : नाशिकमध्ये नव्या मोटरसायकलच्या खरेदीत झालेली फसवणूक

गुढीपाडव्याला नाशिकच्या शोरूममध्ये जी गर्दी उसळते, तिच्या आडोशाने जुन्या साठ्यातली आणि वाहतुकीत आपटलेली मोटरसायकल कोरी म्हणून ग्राहकाच्या गळ्यात मारली जाऊ शकते. आमच्या घरी हे घडले आहे आणि पुढच्या मुहूर्ताला दुसऱ्या कोणाच्या घरी ते घडू नये, म्हणून मी सगळा प्रकार कागदपत्रांसह समजावून सांगत आहे. माझ्या धाकट्या भावाला सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. पाथर्डी फाट्यावरून रोज पाळीप्रमाणे जायचे-यायचे असल्याने भरवशाची गाडी हवी होती, म्हणून २०२४ च्या पाडव्याला आम्ही १२५ सीसीची मोटरसायकल घेतली. त्याआधी घरात आलेली प्रत्येक दुचाकी कोणीतरी वापरलेली होती. कोरी गाडी दारात यावी ही वडिलांची फार जुनी इच्छा होती आणि मुहूर्तही त्यांनीच धरला होता. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे शोरूमचे नाव मी देत नाही.

बुकिंग आम्ही पाडव्याच्या बरेच आधी केले होते. रंग आणि मॉडेल ठरले, बुकिंगची पावती मिळाली आणि ‘ऑन रोड’ किमतीचे कोटेशन हातात पडले. त्यानंतर पाडव्याच्या आठवडाभर आधी सेल्स मॅनेजरचा फोन आला, की मुहूर्तावर गाडी हवी असेल तर उरलेली सगळी रक्कम आजच जमा करावी लागेल, नाहीतर तुमचा नंबर मागे जाईल. वडिलांनी मुदतठेव मोडली, बाकीच्या रकमेचे कर्ज फायनान्स कंपनीकडून मंजूर झाले आणि पैसे भरताना मी स्पष्टपणे विचारले, की आमच्या गाडीचा चासी क्रमांक कोणता? त्यावर उत्तर मिळाले, ‘साहेब, पाडव्याचा लॉट अजून गोडाऊनला उतरायचा आहे. चासी नंबर डिलिव्हरीच्या दिवशीच लागेल.’ पुढच्या सगळ्या फसवणुकीचे मूळ या एका वाक्यात आहे. हे उत्तर खोटे होते, हे आमच्याच विमा पॉलिसीवरून नंतर सिद्ध झाले. पॉलिसीवर पाडव्याच्या तीन दिवस आधीची तारीख आहे आणि त्यावर आमच्या गाडीचा चासी व इंजिन क्रमांक छापलेला आहे. हे दोन्ही क्रमांक टाकल्याशिवाय विम्याची पॉलिसी निघत नाही, विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१ तयार होत नाही आणि आरटीओकडे नोंदणीचा अर्जही जात नाही. म्हणजे कोणती गाडी आमच्या माथी मारायची हे त्यांच्या संगणकात आधीच ठरलेले होते. फक्त आम्हाला ती पाहू द्यायची नव्हती.

पाडव्याच्या सकाळी शोरूमच्या आवारात गाड्यांची रांग होती. प्रत्येक गाडीला झेंडूचा हार घातलेला, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक काढलेले आणि सीटवर प्लास्टिक चढवलेले. एकेका कुटुंबाला बोलावून नारळ, पेढा, मोठी पुठ्ठ्याची किल्ली आणि फोटो असा कार्यक्रम उरकला जात होता. हाराखाली चासी क्रमांक कोरलेला असतो, प्लास्टिकखाली चरे लपतात आणि मागे वीस-पंचवीस माणसे ताटकळत उभी असताना कोणीही गुडघ्यावर बसून टायरवरचे आकडे वाचत नाही. गाडीला नंबर प्लेट नव्हती. ‘पासिंगला टाकली आहे, दोन दिवसांत नंबर येईल’ असे सांगून किल्ली दिली गेली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ४२ नुसार तात्पुरती किंवा कायमची नोंदणी झाल्याशिवाय विक्रेत्याला गाडी ग्राहकाच्या ताब्यात देताच येत नाही. ही बाब निव्वळ कागदी नाही. तात्पुरती नोंदणी संपल्यानंतर चोरीला गेलेल्या एका चारचाकीच्या प्रकरणात विमा कंपनीने दावा नाकारला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो नकार योग्य ठरवला. त्यामुळे नोंदणीविना गाडी रस्त्यावर आणायला लावणारा विक्रेता आपले ओझे ग्राहकाच्या डोक्यावर टाकत असतो.

गाडीत खोट आहे हे प्रथम मोहदरी घाटात जाणवले. सिन्नरहून परतताना उतारावर पुढचा ब्रेक दाबला, की हँडल किंचित डावीकडे ओढ घ्यायचे. भावाने शोरूमला फोन केला तेव्हा ‘नवी गाडी आहे, रनिंग होऊ द्या, आपोआप बसेल’ असे सांगण्यात आले. इंजिनचे भाग चालवून रुळतात हे खरे आहे, परंतु हँडल कधी रुळत नाही. ते नव्या गाडीत पहिल्या किलोमीटरपासून सरळ असलेच पाहिजे.

पहिल्या मोफत सर्व्हिसला मीही सोबत गेलो. तिथल्या एका वयस्क मेकॅनिकने गाडी मधल्या स्टँडवर घेतली, हँडल सरळ धरले आणि समोर उकिडवे बसून पुढचे चाक पाहिले. चाक हँडलच्या रेषेत नव्हते. मग त्याने मला जवळ बोलावून डाव्या फुटरेस्टच्या टोकावरून बोट फिरवायला सांगितले. वर ताजा काळा रंग होता, पण त्याखालचे चरे बोटाला स्पष्ट लागत होते. शॉकअप ज्या ‘टी’मध्ये बसवलेले असतात, तिच्या बोल्टच्या कडांवर पाना घसरल्याच्या खुणा होत्या. कारखान्यात जोडलेल्या बोल्टवर अशा खुणा नसतात. ‘दादा, ही गाडी डाव्या अंगावर पडलेली आहे,’ असे तो हळू आवाजात म्हणाला. जॉबकार्ड करण्यासाठी काउंटरवर चासी क्रमांक टाकला तेव्हा पडद्यावर आमच्या खरेदीच्या कितीतरी आधीची एक नोंद दिसली : पुढचा डावा शॉकअप, हँडल आणि हेडलाइटची चौकट बदलली. आमची नोंद करणाऱ्या मुलीला त्याचा अर्थ लगेच कळला नाही आणि मी मागितल्यावर तिने त्या पानाची छापील प्रत काढून दिली. आज आमच्या तक्रारीचा सर्वात भक्कम पुरावा तोच कागद आहे.

काही दिवसांनी आरसी हाती आली आणि दुसरी गोष्ट उघड झाली. त्यावर उत्पादनाचा महिना जून २०२३ असा होता. म्हणजे २०२४ चे मॉडेल म्हणून, पूर्ण किमतीत, एका रुपयाचीही सूट न देता आम्हाला विकलेली गाडी दहा महिने गोडाऊनमध्ये पडून होती. आता आम्हाला ठाऊक आहे, की हे ओळखण्यासाठी आरसीची वाट पाहावी लागत नाही. चासी क्रमांक सतरा अक्षरांचा असतो आणि बहुतेक कंपन्यांच्या गाड्यांत त्यातले दहावे अक्षर उत्पादनाचे वर्ष सांगते : २०२३ साठी ‘पी’ आणि २०२४ साठी ‘आर’, कारण मधले ‘क्यू’ वापरत नाहीत. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. आमच्या दोन्ही टायरवर २१२३ असे होते. फॉर्म २१ वरही उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावे लागते, पण आमच्याकडून अर्जांवर सह्या घेताना तो रकाना कोरा होता.

मागच्या वर्षीची गाडी विकणे हा गुन्हा नव्हे. ग्राहकाला ते सांगून, योग्य सूट देऊन आणि बॅटरी तपासून दिली, तर अनेक जण ती आनंदाने घेतील. लपवून पूर्ण किंमत घेणे ही फसवणूक आहे, कारण पुढे गाडी विकताना समोरचा माणूस आरसीवरचे वर्ष पाहूनच भाव करतो आणि तो तोटा पहिल्या मालकाच्याच खिशातून जातो. पडलेली गाडी दुरुस्त करून नवी म्हणून देणे मात्र याहून गंभीर आहे, असे माझे ठाम मत आहे. त्या गाडीवर माझा भाऊ रात्रपाळी संपवून ट्रकांच्या रांगेत घाट उतरत होता.

पैशांचा हिशोब मी त्यानंतर नीट तपासला. कोटेशनमध्ये विम्यापोटी ९,२०० रुपये घेतले होते, प्रत्यक्ष पॉलिसीवरचा हप्ता मात्र ६,४८० रुपये होता. नव्या दुचाकीला सप्टेंबर २०१८ पासून पाच वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा सक्तीचा आहे, पण तो शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती नाही. त्रयस्थ पक्षाचा दरही ठरलेला असून १५० सीसीपर्यंतच्या या वर्गासाठी पाच वर्षांचा मूळ हप्ता ३,८५१ रुपये होता, तो सगळ्या कंपन्यांकडे सारखाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आणि जोडलेल्या कलमांत, म्हणून तेवढ्याच भागाचे दर दोन-तीन ठिकाणी विचारावेत. ‘ॲक्सेसरीज’ या नावाखाली साडीगार्ड आणि मागच्या माणसाने धरायच्या कडीचे वेगळे पैसे लावले होते. नियम १२३ प्रमाणे धरायची कडी, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारे संरक्षण हे प्रत्येक मोटरसायकलला असलेच पाहिजे, म्हणजे हे भाग गाडीसोबतच यायला हवेत. नियम १३८ नुसार खरेदीच्या वेळी भारतीय मानक ब्यूरोच्या मानकाचे हेल्मेटही उत्पादकाने द्यायचे असते. आम्हाला ते मिळाले नाही. उलट काउंटरवर विकत घ्यायला सुचवले गेले. शिवाय ‘हँडलिंग’ म्हणून दीड हजार रुपये होते, ज्यांचा खुलासा आजपर्यंत कोणी केलेला नाही. आरटीओच्या रकमेचेही असेच होते. कर, नोंदणी शुल्क, कर्जाच्या नोंदीचे शुल्क आणि स्मार्ट कार्ड यांची फोड देण्याऐवजी एकच गोळा आकडा लिहिला होता. सरकारी पावतीवर ही फोड छापलेली असते आणि ती पावती मागायचा ग्राहकाला हक्क आहे.

आता गाडी घेणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे, की बुकिंगची रक्कम सोडून उरलेले पैसे देण्यापूर्वी चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि उत्पादनाचा महिना शोरूमच्या शिक्क्याच्या कागदावर किंवा त्यांच्या अधिकृत ई-मेलवर घ्यावा. ‘लॉट उतरायचा आहे’ असे उत्तर आल्यास लॉट उतरल्यावरच पैसे देऊ, असे शांतपणे सांगावे. मुहूर्त हुकेल, पण गाडी हुकत नाही. क्रमांक मिळाला, की डिलिव्हरीच्या एक-दोन दिवस आधी, गर्दी नसताना, उजेडात जाऊन हार आणि प्लास्टिक चढण्यापूर्वी ती गाडी पाहावी. गाडीवर कोरलेला क्रमांक कागदाशी जुळवावा, टायरचे आकडे वाचावेत, हँडल सरळ धरून चाकाची रेषा समोरून पाहावी, दोन्ही फुटरेस्ट, ब्रेक आणि क्लचच्या दांड्यांची टोके व सायलेन्सरची खालची बाजू हाताने तपासावी. एखादा ओळखीचा मेकॅनिक सोबत असेल तर उत्तमच. कोऱ्या रकान्यांच्या अर्जावर सही करू नये आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो जागेवरच काढावा.

गाडी ताब्यात आल्यावर दोष दिसला, तर शोरूमला ती लगेच ‘नीट करून’ घेऊ देऊ नये. आम्हालाही शॉकअप गुपचूप मोफत बदलून देण्याची तयारी दाखवण्यात आली होती. बदललेला भाग गेला, की पुरावाही जातो. आम्ही आधी फोटो काढले, दुसऱ्या एका जाणकाराकडून तपासणीचा लेखी अहवाल घेतला आणि मगच दुरुस्ती करून घेतली, तीही त्याच कंपनीच्या शहरातील दुसऱ्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये. वॉरंटीच्या काळातील सर्व्हिस अधिकृत ठिकाणी वेळेवर करून प्रत्येक जॉबकार्ड जपून ठेवणे अशा प्रकरणात विशेष गरजेचे असते. एक सर्व्हिस चुकली तरी सगळे खापर ग्राहकाच्या वापरावर फोडायला विक्रेता मोकळा होतो. पहिल्या सर्व्हिसला ऑइल बदललेच जायला हवे, कारण नवे भाग घासून निघालेला धातूचा बारीक कीस त्यात उतरलेला असतो. मोफत सर्व्हिसमध्ये मजुरी माफ असते, ऑइलचे पैसे पडतात. ते बिलावर आले आहे का आणि जुने ऑइल खरोखर काढले का, हे तिथे उभे राहून पाहावे.

आम्ही आधी शोरूमला आणि उत्पादक कंपनीला लेखी तक्रार दिली, नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. त्यानंतर विम्यातील फरक आणि ॲक्सेसरीजचे पैसे परत मिळाले आणि हेल्मेट मिळाले, एवढेच. जुन्या वर्षाची आणि पडलेली गाडी पूर्ण किमतीत विकल्याबद्दल मात्र ‘गाडी तुम्ही पाहून घेतली होती’ एवढेच उत्तर आले, म्हणून आम्ही नाशिक जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. तक्रारीसोबत आम्ही कोटेशन, पैसे भरल्याच्या पावत्या, पॉलिसी, आरसी, टायर आणि फुटरेस्टचे फोटो, तपासणीचा अहवाल आणि त्या जुन्या जॉबकार्डची प्रत जोडली आहे. गाडी बदलून द्यावी किंवा किमतीतील फरक आणि दुरुस्तीचा खर्च व्याजासह द्यावा, अशी आमची मागणी आहे. प्रकरणाचा निकाल अजून लागलेला नाही.