जुनी गाडी घेताना पैसे कसे द्यायचे: नोटा, आरटीजीएस की कर्ज?

काही जण बोनेट उघडायच्या आधीच विचारतात, "कॅश दिली तर किती सोडाल?" मीही हेच विचारायचो. पण स्वतःसाठी एक आणि घरच्यांसाठी तीन जुन्या गाड्या घेऊन झाल्यावर माझं मत बदललंय. विकणाऱ्याला नोटांचं कौतुक क्वचितच असतं, त्याला पैसे आज हवे असतात. "लोन पास झालं की कळवतो" म्हणून गायब झालेली चार गिऱ्हाइकं त्याने आधीच बघितलेली असतात. त्यामुळे "ठरलं तर आत्ता इथेच बसून आरटीजीएस करतो", म्हणजे बँकेतून थेट तुमच्या खात्यात पैसे पाठवतो, असं म्हटलं तरी भाव तेवढाच उतरतो. चिंचवडच्या एका काकांची वॅगनआर मी अशीच ३ लाख ६५ हजारांवरून ३ लाख ४० हजारांवर आणली. खिशात तेव्हा पेट्रोलपुरते पैसे होते.

डीलरकडे मात्र वारं उलटं वाहतं. फायनान्स करून दिलं की त्याला कमिशन सुटतं, त्यामुळे रोखीवाल्यापेक्षा कर्जवालं गिऱ्हाईक त्याला जास्त आवडतं. "लोन करून घ्या, दहा हजार कमी करतो" असं तो म्हणाला, तर आधी कॅल्क्युलेटर काढा. ३ लाख रुपये, १३ टक्के व्याज, तीन वर्षं धरली तर हप्ता साधारण १०,१०० रुपये बसतो आणि व्याजाचेच जवळपास ६४ हजार जातात. प्रोसेसिंग फी वेगळी. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्या गाडीपेक्षा चढाच असतो. म्हणून गाठीशी पैसे असतील तर केवळ त्या सवलतीपायी कर्ज काढू नका. पैसे नसतीलच, किंवा सगळी एफडी मोडून घर रिकामं होणार असेल, तर कर्ज घेण्यात कमीपणा नाही. फक्त गाडी ठरवायच्या आधी दोन-तीन बँकांकडे दर विचारून ठेवा.

आता रोखीचं. १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्यात एक रेघ मारलेली आहे. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम कुणीही रोखीत घ्यायची नाही. "आज दीड लाख, परवा दीड लाख देतो" ही युक्तीही चालत नाही, कारण गाडी एक आणि व्यवहारही एकच. सापडलं तर रोखीत जेवढी रक्कम घेतली तेवढाच दंड होऊ शकतो, तोही पैसे घेणाऱ्याला. हे ऐकून गाडी घेणारे निर्धास्त होतात, की भोगेल तो विकणारा. पण तीन वर्षांनी हीच गाडी तुम्ही विकाल, तेव्हा पैसे घेणारे तुम्ही असाल. शिवाय गाडी धंद्याच्या नावावर घेणार असाल तर दिवसाला १० हजारांच्या वर रोखीत दिलेली रक्कम गाडीच्या किमतीत धरली जात नाही, म्हणजे तेवढ्यावरचा घसारा (गाडीच्या झिजेपोटी मिळणारी करातली वजावट) हाही गेला. सीएला न विचारता बंडलं मोजून देणारे दुकानदार मी पाहिलेत.

कायदा बाजूला ठेवला तरी रोखीचा खरा तोटा पुराव्याचा. माझ्या मावसभावाने एका डीलरला १ लाख ८० हजार रोख दिले. पावती मिळाली १ लाख २० हजारांची. "कागदावर कमी दाखवू, तुमचाच फायदा." कसला फायदा? नाव बदलायची आरटीओची फी काही सौद्याच्या रकमेवर ठरत नाही. पुढे गाडीवर आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा निघाला आणि सौदा फिसकटला. पैसे परत मागितले तर डीलरने पावती पुढे केली. दोन महिने हेलपाटे घातल्यावर १ लाख २० हजार हातात पडले. वरचे ६० हजार कुठल्याच कागदावर नव्हते.

नोटांच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे. गाडी न बघताच टोकन ऑनलाइन मागणारे भामटे भरपूर आहेत. "बदली झालीय, गाडी ट्रान्सपोर्टने पाठवतो" ही त्यांची ठरलेली कॅसेट. रोखीच्या सौद्यात निदान माणूस, गाडी आणि आरसी समोर असतात. ऐंशी-नव्वद हजारांच्या जुन्या अल्टोसाठी, गावाकडे ओळखीत, रोख दिली तर त्यात काही बिघडत नाही. पण सही केलेली पावती घ्याच. त्यात गाडीचा नंबर, चॅसिस नंबर, पूर्ण रक्कम, तारीख आणि वेळ हवी. वेळ एवढ्यासाठी, की सकाळी त्याने कुठे धडक मारली असेल तर संध्याकाळी ती आपल्या गळ्यात नको.

विकणारा रोखीसाठी अडून बसला तर मी आधी कारण हुडकतो. पुष्कळदा त्याच्या खात्यावर थकलेलं कर्ज असतं आणि पैसे आले की बँक ते वळते करून घेईल अशी धास्ती असते. कधी ते थकलेलं कर्ज याच गाडीचं निघतं. अशा वेळी परिवहन या सरकारी वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून बोजा दिसतो का बघा. दिसला तर पैसे त्याच्या हातात द्यायचेच नाहीत, रोखीत तर मुळीच नाहीत. बँकेकडून कर्ज बंद करायच्या रकमेचं पत्र घ्या, तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरा आणि उरलेली मालकाला द्या, तीही बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्यावर. बोजा नसेल आणि रक्कम २ लाखांच्या आत असेल, तर त्याच्याच बँकेच्या शाखेत जाऊन त्याला भरणा करायला लावा. पॅन त्याने सोबत ठेवावा. काउंटरवरचं मशीन नोटा मोजतं आणि खोटी नोट असेल तर तिथेच कळते. घरच्या टेबलावर पाचशेची तीन बंडलं मोजताना तिसऱ्यात कुणीतरी चहा पुढे करतं आणि पुन्हा एकपासून सुरुवात.

चेक आणि डीडीवर वेळ घालवत नाही. चेक वटेपर्यंत शहाणा मालक किल्ली देत नाही, आणि खोट्या डीडीचे किस्से ऐकल्यापासून डीडीलाही लोक बिचकतात.

राहिली ट्रान्सफर, आणि माझा कौल तिलाच. २ लाख आणि त्यावर आरटीजीएस, त्याखाली एनईएफटी किंवा आयएमपीएस. दोन व्यक्तींमधल्या यूपीआयला साधारणपणे दिवसाला १ लाखाची मर्यादा, म्हणून ते टोकनपुरतं बरं. डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास चालतं, त्यामुळे रविवारचा सौदाही अडत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. नवीन खातं जोडलं की पुष्कळ बँका पहिले २४ तास मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. म्हणून मालकाचं खातं आदल्या दिवशीच जोडा, नेट बँकिंगची मर्यादा वाढवून ठेवा आणि १ रुपया पाठवून बघा. खातं आरसीवरच्या नावाचंच हवं. भावाचं, एजंटचं, "मिसेसचं आहे, एकच आहे हो" हे नको. गेलेला पैसा इथेही सहजी परत येत नाही, पण कुणाला, कधी, किती दिला हे बँक सांगते.

आणि पैसे सुटायच्या आधी सह्या. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही, आरसी, विम्याचे कागद, पीयूसी, दोन्ही किल्ल्या हे सगळं टेबलावर असलं पाहिजे. मालकाने विक्री आरटीओला १४ दिवसांत कळवायची असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं असतं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाकायचा.

वॅगनआरचे पैसे पाठवायच्या आदल्या रात्री मी ई-चलान बघितली. सिग्नल आणि नो पार्किंग मिळून २,७०० रुपये थकलेले. काकांना दाखवलं तर ते चिरंजीवांकडे बघायला लागले, चिरंजीव मोबाइलमध्ये. मी ३ लाख ३७ हजार ३०० पाठवले, काकांचा फोन वाजला, त्यांनी चष्मा लावून शून्यं मोजली आणि पावतीवर यूटीआर नंबर (त्या ट्रान्सफरचा बँकेचा क्रमांक) स्वतःच्या हाताने लिहिला. दुसरी किल्ली सापडायला मात्र अर्धा तास लागला. ती फ्रिजवरच्या औषधांच्या डब्यात होती.